मराठी शाबूत, पण इमोजीच्या जागी प्रश्नचिन्ह : पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोषाचा मुळापासून शोध

एका सार्वजनिक ग्रंथालयाचे संकेतस्थळ मी काही वर्षांपासून सांभाळते. वाचकांना दोन ओळी लिहिता याव्यात म्हणून त्यावर अभिप्रायाची एक चौकट ठेवली आहे. ग्रंथालयाच्या एका ज्येष्ठ सभासदांचे निधन झाले, तेव्हा अनेकांनी त्या चौकटीत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहून पुढे जोडलेल्या हातांचे इमोजी लावले. पानावर मात्र उमटले ते ‘भावपूर्ण श्रद्धांजली ?’. एकाखाली एक अशा वीसेक ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते. त्यांच्या मुलाने फोन करून अत्यंत सभ्य शब्दांत विचारले की, हे कोणी मुद्दाम केले आहे का. त्या दिवसापासून हा दोष मला किरकोळ वाटेनासा झाला. ‘आपल्या घरी सुख नांदो’ यापुढे प्रश्नचिन्ह आले की शुभेच्छेचीही शंका होते. इमोजी गळून पडले असते तर इतके बिघडले नसते, पण त्याच्या जागी अर्थ असलेले दुसरेच चिन्ह येऊन बसते, हे यातले खरे दुखणे आहे.

मी तो दोष दुरुस्त केला, आणि तो परत आला. पुन्हा दुरुस्त केला, पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी लक्षात आले की, पानावर दिसणारे लक्षण एकच असले तरी कारण दर वेळी निराळे होते, आणि मी आधीचे कारण गृहीत धरून उपाय करत होते. ज्यांच्याकडे मराठी संकेतस्थळ, अभिप्रायाचा फॉर्म किंवा सभासदांना संदेश पाठवणारी एखादी यंत्रणा आहे, त्यांना आज ना उद्या याच वाटेने जावे लागते, म्हणून तपासाचा क्रम सविस्तर लिहीत आहे.

इमोजीच्या जागी नेमके काय दिसते?

‘इमोजी दिसत नाही’ एवढ्या तक्रारीवरून काहीही ठरवता येत नाही. तक्रार करणाऱ्याकडून स्क्रीनशॉट मागवावा आणि इमोजीच्या जागी काय आहे ते नीट पाहावे, कारण रोगाचे अर्धे निदान तिथेच होते.

साधे प्रश्नचिन्ह दिसत असेल, तर इमोजी साठवतानाच किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेतानाच नष्ट झाले आहे. कोणत्याही फोनवर, कोणत्याही ब्राउझरमध्ये पान उघडले तरी ते परत येणार नाही. रिकामा चौकोन, म्हणजे ज्याला आपण ‘डबा’ म्हणतो तो दिसत असेल, तर इमोजी बहुधा सुरक्षित आहे. पाहणाऱ्याच्या फोनमध्ये किंवा संगणकात त्याचे चित्र नाही, एवढेच. काळ्या शंकरपाळ्याच्या आकारात पांढरे प्रश्नचिन्ह दिसत असेल, तर अक्षराचे बाइट, म्हणजे संगणकात अक्षर साठवण्याची छोटी एकके, मध्येच तुटले आहेत. डोक्यावर तिरप्या रेघा आणि टोप्या असलेली रोमन अक्षरे एकापुढे एक दिसत असतील, तर साठवलेले बाइट बहुतेक वेळा ठीक असतात, मात्र ते वाचणाऱ्याने चुकीच्या पद्धतीने वाचलेले असतात. या शेवटच्या प्रकारात मराठीसुद्धा बिघडते, आणि तिची एक ठरलेली खूण आहे: डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याला लागून कधी चार कोपऱ्यांना टोके असलेले बारीक वर्तुळ, तर कधी जपानी येनचे चिन्ह. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचे पहिले दोन बाइट, सोळा अंकी पद्धतीने लिहिले तर, ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ असतात आणि जुन्या पाश्चात्त्य संकेतप्रणालीत, म्हणजे बाइटांची अक्षरे करण्याच्या नियमांत, त्यांची चित्रे हीच आहेत, म्हणून हा ‘ए’ सगळ्या पानभर पसरलेला दिसतो.

माझ्याकडच्या तक्रारीत मराठी अक्षर न् अक्षर नीट होते आणि प्रश्नचिन्ह साधे होते, म्हणजे दोष साठवणीत होता.

मराठी चालते, मग इमोजी का चालत नाही?

मराठी नीट दिसते म्हणजे आपले पान युनिकोडमध्ये आहे, म्हणजे इमोजीलाही अडचण येऊ नये, हा समज अगदी स्वाभाविक आहे आणि मीही बराच काळ तोच धरून बसले होते. तो का चुकतो हे कळण्यासाठी थोडे आकडे पाहावे लागतील.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. देवनागरीचा मुख्य गट २३०४ पासून २४३१ पर्यंत आहे. जोडलेल्या हातांच्या इमोजीचा क्रमांक १२८५९१ आहे. हे क्रमांक साठवण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात १२७ पर्यंतच्या क्रमांकांना एक बाइट लागतो, २०४७ पर्यंत दोन, ६५,५३५ पर्यंत तीन आणि त्यापुढे चार. म्हणजे रोमन अक्षराला एक बाइट, मराठी अक्षराला तीन आणि जोडलेल्या हातांना चार बाइट लागतात.

संकेतस्थळाचा मजकूर साठवणाऱ्या मायएसक्यूएल या सर्रास वापरातल्या डेटाबेसात ‘यूटीएफ८’ या नावाने जी संकेतप्रणाली वर्षानुवर्षे मिळत होती, ती प्रत्यक्षात एका अक्षरासाठी जास्तीत जास्त तीन बाइट घेणारी होती. नाव पूर्ण, पण सोय अपुरी. तीन बाइटांत मराठी मावते, म्हणून आपल्याला वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. चार बाइटांचे इमोजी आले की ते दारातच अडते. चार बाइट घेणारी खरी प्रणाली ‘यूटीएफ८एमबी४’ या नावाने मायएसक्यूएलच्या ५.५.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, उपलब्ध आहे. जोडलेले हात आणि इतर शेकडो इमोजी युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत आले, तेही २०१० मध्येच. पण मायएसक्यूएलने चार बाइटांची प्रणाली आपणहून लागू होईल अशी केली ती थेट ८.० या आवृत्तीत, २०१८ साली. या मधल्या काळात उभारलेली असंख्य मराठी संकेतस्थळे अजून तीन बाइटांवरच चालत आहेत.

तपास करताना फसवणारी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. लाल हृदयाचे चिन्ह बहुतेक वेळा या जुन्या डेटाबेसातही टिकते. त्याचा क्रमांक १००८४ आहे, म्हणजे तीन बाइटांच्या मर्यादेत, कारण ते इमोजी म्हणून नव्हे तर छपाईचे एक चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये फार आधीपासून होते. सूर्य, छत्री, टेलिफोन अशी काही चिन्हेही त्याच जुन्या गटातली आहेत. एखाद्याने हृदय टाकून पाहिले, ते नीट उमटले आणि ‘इमोजी चालतात’ असा निर्वाळा दिला, तर त्यावर विसंबू नये. चाचणी नेहमी जोडलेल्या हातांनी किंवा हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याने घ्यावी.

डेटाबेसात दोष लपण्याच्या जागा

पहिल्या वेळी मी डेटाबेसची संकेतप्रणाली बदलून चार बाइटांची केली आणि निर्धास्त झाले. काहीही फरक पडला नाही. कारण संपूर्ण डेटाबेसला दिलेली आज्ञा ही फक्त यापुढे तयार होणाऱ्या नव्या टेबलांसाठी, म्हणजे मजकूर ठेवण्याच्या तक्त्यांसाठी असते. आधीपासूनची टेबले आणि त्यांतले कॉलम आपल्या जुन्या प्रणालीतच राहतात. त्यामुळे प्रत्येक टेबल स्वतंत्रपणे रूपांतरित करावे लागते आणि त्याआधी संपूर्ण डेटाबेसची प्रत काढून ठेवावी लागते.

हे रूपांतर करताना जुन्या आवृत्त्यांवर एक अडथळा हमखास येतो. ज्या कॉलमवर अनुक्रमणी, म्हणजे इंडेक्स लावलेला आहे त्यासाठी ७६७ बाइटांची मर्यादा असे. २५५ अक्षरांच्या कॉलमला तीन बाइटांच्या हिशेबाने ७६५ बाइट लागतात, म्हणजे तो जेमतेम बसतो. चार बाइटांच्या हिशेबाने तेच १०२० होतात आणि रूपांतर अर्ध्यावर थांबते. अशा वेळी त्या कॉलमची किंवा निदान त्याच्या इंडेक्सची लांबी १९१ अक्षरांवर आणावी, कारण १९१ गुणिले चार म्हणजे ७६४. जुन्या टेबलांत हा १९१ चा आकडा जागोजागी दिसतो, त्याचे मूळ हे आहे. नव्या आवृत्त्यांत ही मर्यादा ३०७२ बाइटांपर्यंत गेली आहे, त्यामुळे आज नव्याने टेबल करणाऱ्याला याचा त्रास होऊ नये.

टेबले बदलली तरी प्रश्नचिन्ह कायम राहिले, तर दुसरी जागा म्हणजे कनेक्शन. आपला प्रोग्राम डेटाबेसशी बोलायला लागतो तेव्हा आपण कोणत्या प्रणालीत बोलणार हे आधी सांगतो. टेबल चार बाइटांचे असून प्रोग्रामने ‘मी तीन बाइटांच्या प्रणालीत बोलतो’ असे सांगितले असेल, तर इमोजी वाटेतच अडते. पीएचपी या संकेतस्थळांसाठीच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामात कनेक्शनच्या ओळीत संकेतप्रणालीचे नाव दिलेले असते; तिथे ‘यूटीएफ८’ असेल तर ‘यूटीएफ८एमबी४’ करावे. हे नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा किंवा आडवी रेघ न घालता लिहायचे असते. डेटाबेस काटेकोर पद्धतीने चालत असेल तर अशा वेळी तो ‘मजकुराचे मूल्य चुकीचे आहे’ अशी स्पष्ट चूक दाखवतो आणि काहीच साठवत नाही. तसा नसेल तर कधी प्रश्नचिन्ह ठेवतो, तर कधी इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर गुपचूप कापून टाकतो. पहिल्याच ओळीत इमोजी घालून पानभर आठवणी लिहिणाऱ्या वाचकाची एकच ओळ उरते, आणि बाकीचे गेले हे त्याला आणि आपल्याला दोघांनाही कळत नाही. मला विचाराल तर डेटाबेसचा काटेकोरपणा कधीही बंद करू नये, चुका कितीही दिसल्या तरी.

एवढे झाल्यावर आमचे पान जवळजवळ वर्षभर नीट चालले. मग आम्ही होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा, बदलले, जुन्या सर्व्हरवरून बॅकअप काढून नव्यावर चढवला, आणि वर्षभराचे सगळे जोडलेले हात पुन्हा प्रश्नचिन्हे झाले. नव्या सर्व्हरवर टेबले चार बाइटांची होती, कनेक्शनही तसेच होते. दोष होता तो बॅकअप काढताना. मायएसक्यूएलच्या पाचव्या मालिकेतले बॅकअप काढणारे साधन स्वतःहून तीन बाइटांचीच प्रणाली वापरत असे, आणि आज्ञेत संकेतप्रणाली वेगळी नमूद केली नाही तर तयार होणाऱ्या फाइलमध्येच इमोजीच्या जागी प्रश्नचिन्हे लिहिली जात. म्हणजे मूळ डेटाबेस धडधाकट आणि त्याची प्रत मात्र अपंग. जुना सर्व्हर बंद झाला असता तर ते इमोजी कायमचे गेले असते. आमच्या सुदैवाने त्याची मुदत संपायला चार दिवस बाकी होते, म्हणून योग्य आज्ञा देऊन पुन्हा प्रत काढता आली. यासाठी बॅकअप झाल्यावर ती फाइल उघडून तिच्यात एखादे इमोजी शोधावे आणि ते खरोखर आहे याची खात्री करूनच जुनी जागा सोडावी.

डेटाबेसात काय साठले आहे हे पडद्यावर पाहून ठरवू नये, कारण पाहण्याचे साधन स्वतःच चुकीच्या प्रणालीत वाचत असू शकते. कॉलममधला मजकूर सोळा अंकी पद्धतीत, म्हणजे हेक्समध्ये दाखवण्याची आज्ञा मायएसक्यूएलमध्ये आहे; ती वापरावी. जोडलेले हात नीट साठले असतील तर ‘एफ० ९एफ ९९ ८एफ’ असे चार बाइट दिसतात. त्या जागी नुसते ‘३एफ’ असेल, तर ते खरेखुरे प्रश्नचिन्ह आहे, त्यातून मूळ इमोजी कोणत्याही युक्तीने परत मिळत नाही आणि जुना चांगला बॅकअप हाच एकमेव उपाय उरतो. ‘सी३ बी०’ अशी सुरुवात दिसत असेल, तर मजकूर दोनदा संकेतबद्ध झाला आहे. ही अवस्था पाहताना भयंकर वाटते, तरी माहिती शाबूत असते. मजकूर उलट्या दिशेने जुन्या लॅटिन प्रणालीत नेऊन, तिथून केवळ बाइट म्हणून उचलून, चार बाइटांच्या प्रणालीत वाचला की तो पूर्ववत होतो. हे काम मूळ टेबलावर न करता त्याच्या प्रतीवर करावे, आणि फक्त बिघडलेल्या ओळींवरच करावे, कारण चांगल्या ओळींवर तीच क्रिया केली तर त्या बिघडतात.

सगळे सुरळीत झाल्यावर शोधाच्या बाबतीत एक निराळीच तक्रार येऊ शकते. चार बाइटांच्या प्रणालीत मजकुराची तुलना कोणत्या नियमांनी करायची हे वेगळे ठरवावे लागते आणि त्यातले काही जुने नियम सर्व चार बाइटी इमोजींना एकसारखेच मानतात. पणती शोधली की बैलही सापडतो, आणि एकमेव असायला हव्या अशा कॉलममध्ये दोन वेगळी इमोजी ‘आधीच आहे’ म्हणून नाकारली जातात. जपानी प्रोग्रामर याला सुशी आणि बिअरचा प्रश्न म्हणतात, कारण त्यांच्याकडे ही दोन चित्रे एकमेकांत मिसळत होती. तुलनेच्या नियमाच्या नावात ५२० किंवा ०९०० हा आकडा असलेला नवा नियम निवडला की हे थांबते.

डबा दिसतो तेव्हा सर्व्हरला हात लावू नये

दिवाळीत येणाऱ्या तक्रारी बहुधा पणतीच्या असतात आणि त्यांत प्रश्नचिन्ह नसते, डबा असतो. पणती, साडी, ऑटोरिक्षा आणि देऊळ ही चारही चित्रे २०१९ सालच्या संचात आली. ती फोनवर दिसण्यासाठी अँड्रॉइड १० किंवा आयओएस १३.२ आणि संगणकावर विंडोज १० ची २०१९ ची सुधारणा लागते. त्याआधीच्या फोनला पणतीचा क्रमांक मिळतो, चित्र मिळत नाही, म्हणून तो डबा काढतो. इथे तपासणी अगदी सोपी आहे: त्याच फोनवर, त्याच पानावर २०१० चे जोडलेले हात दिसतात आणि २०१९ ची पणती दिसत नाही असे असेल, तर दोष फॉन्टचा आहे आणि डेटाबेस निर्दोष आहे.

‘पण व्हॉट्सअ‍ॅपवर तर पणती दिसते’ हा प्रश्न यावर लगेच येतो आणि तो रास्त आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप स्वतःची चित्रे बरोबर घेऊन येते, त्यामुळे फोन जुना असला तरी तिथे पणती दिसते. ब्राउझर मात्र फोनच्या फॉन्टवर अवलंबून असतो. वाचकाला हे समजावून सांगितले की त्याचा आपल्यावरचा रोष निवळतो, हा माझा अनुभव आहे.

स्वतःच्या पानावर उपाय करायचा असेल तर फॉन्टच्या यादीत मराठी फॉन्टनंतर अ‍ॅपल, विंडोज आणि गूगलचा नोटो या तिन्हींच्या रंगीत इमोजी फॉन्टची नावे द्यावीत. इमोजीचा फॉन्ट यादीत पहिला ठेवू नये. त्या फॉन्टमध्ये ० ते ९ हे रोमन अंकही असतात, आणि तो पहिला असला की तारखा व फोन नंबर फाकून बसल्यासारखे विचित्र रुंद दिसू लागतात. देवनागरी अंक वापरणाऱ्या पानावर हे पटकन ध्यानात येत नाही, कारण ते अंक त्या फॉन्टमध्ये नसतात. संपूर्ण इमोजी फॉन्ट पानाबरोबर पाठवणे हाही एक मार्ग आहे, पण तो कित्येक मेगाबाइटांचा असतो आणि खेड्यातल्या नेटवर्कवर वाचकाला त्यासाठी ताटकळत ठेवणे मला पटत नाही. वर्डप्रेसवर २०१५ च्या ४.२ या आवृत्तीपासून एक छोटा प्रोग्राम येतो, जो जुन्या ब्राउझरवर इमोजीच्या जागी चित्र बसवतो. पान जलद करणारी अनेक प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची छोटी साधने, तो बंद करून टाकतात. वर्डप्रेसच्या पानावर जुने डबे अचानक परत दिसू लागले, तर अलीकडे असे एखादे प्लगइन बसवले आहे का ते आधी पाहावे.

१५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला आणखी एक तक्रार येते: तिरंग्याच्या जागी रोमन ‘आय’ आणि ‘एन’ ही अक्षरे दिसतात. ध्वजाचे इमोजी हे मुळात देशाच्या दोन अक्षरी संकेताच्या दोन खास अक्षरांची जोडी असते आणि फॉन्ट त्या जोडीच्या जागी ध्वज काढतो. विंडोजच्या फॉन्टमध्ये देशांचे ध्वज नाहीत, म्हणून तिथे क्रोम आणि एज अक्षरेच दाखवतात. फायरफॉक्स स्वतःचा फॉन्ट बरोबर आणत असल्याने त्याच संगणकावर तिरंगा दाखवतो. ध्वज महत्त्वाचा असेल तिथे इमोजीवर न विसंबता चित्रच लावावे.

जोडणारे अदृश्य चिन्ह, आणि त्याच्याबरोबर बिघडणारी मराठी

आई, बाबा आणि दोन मुले असे एकत्र कुटुंबाचे इमोजी हे एक अक्षर नसते. चार स्वतंत्र इमोजी आणि त्यांच्यामध्ये तीन अदृश्य जोडचिन्हे अशी ती सात अक्षरांची साखळी असते आणि यूटीएफ-८ मध्ये तिला २५ बाइट लागतात. जोडचिन्हे गळाली की कुटुंब विभक्त होऊन चार चेहरे एका ओळीत उभे राहतात. ही तक्रार आली की मी डेटाबेस न पाहता आधी मजकूर साफ करणारा प्रोग्राम पाहते, कारण वाचकाने चिकटवलेल्या मजकुरातली ‘नको असलेली अदृश्य चिन्हे’ काढण्यासाठी लिहिलेल्या ओळीत बहुधा हेच जोडचिन्हही सापडते.

मराठीसाठी हा मुद्दा इमोजीपेक्षा कितीतरी मोठा आहे. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांनी’ आणि ‘आचार्यांनी’ यांतला फरक आपण ज्या अर्ध्या ‘र’ने दाखवतो, तो लिहिण्याच्या युनिकोडमध्ये दोन रीती आहेत. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्या, जुन्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि हेच अदृश्य जोडचिन्ह. काही कीबोर्डांवर आजही दुसरी रीत चालते. जोडचिन्ह काढून टाकणारी ती एक ओळ अशा मजकुरातल्या सगळ्या दऱ्यांचा दर्या करते आणि पंगतीचा स्वयंपाक आचार्यांच्या माथी मारते. आमच्या संकेतस्थळावर एका वाचकाने भटकंतीच्या पुस्तकावर लिहिलेल्या परीक्षणात नेमके हेच झाले होते आणि त्याला शुद्धलेखन येत नाही असा दुसऱ्याने शेरा मारला होता. त्याचे लेखन निर्दोष होते. चूक आमच्या प्रोग्रामची होती. साफसफाईच्या यादीतून हे जोडचिन्ह वगळणे, हा उपाय पाच मिनिटांचा आहे.

याच्याच नात्यातले दुसरे अदृश्य चिन्ह म्हणजे रूप ठरवणारे चिन्ह. हृदयासारख्या जुन्या चिन्हापुढे ते असले की चिन्ह रंगीत दिसते, नसले की काही ठिकाणी काळे, छापील वळणाचे दिसते. लाल हृदय काळे झाल्याची तक्रार आली, तर कारण हेच समजावे.

मजकूर लहान करताना होणारी मोडतोडही याच जातीची आहे. बातमीच्या यादीत पहिले शंभर बाइट दाखवायचे असे प्रोग्रामने ठरवले, तर तीन-तीन बाइटांच्या मराठी अक्षरांत शंभरावा बाइट नेमका अक्षराच्या मध्यावर येऊ शकतो आणि शेवटी काळा शंकरपाळा उमटतो. अक्षरे मोजून कापले तरी कुटुंबाची साखळी मध्येच तुटू शकते, किंवा ‘दि’मधली वेलांटी मागे राहून नुसता ‘द’ उरू शकतो. पीएचपीत आणि जावास्क्रिप्टमध्ये वाचकाला दिसणारे पूर्ण अक्षर हे एकक धरून कापण्याची सोय आहे. देवनागरीसाठी आणि इमोजीसाठी तीच वापरावी.

पान, फाइल आणि टंकलेखन

टोप्यांची रोमन अक्षरे दिसत असतील तर पानाची संकेतप्रणाली सांगणारी ओळ पाहावी. ती एचटीएमएल फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत असावी लागते, आणि सर्व्हर स्वतः वेगळी प्रणाली सांगत असेल तर सर्व्हरचेच खरे मानले जाते. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठी आणि इमोजी दोन्ही असे दिसू शकतात. ती साठवताना यूटीएफ-८ असे नाव असलेला सीएसव्ही प्रकार निवडावा.

इमोजी शोधण्यासाठी विंडोजवर खिडकीचे बटण आणि पूर्णविराम, मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस ही बटणे एकत्र दाबावीत. एखाद्या पानावरून इमोजी उचलून चिकटवताना ते अक्षर आहे की चित्र हे पाहावे. चित्र असेल तर साध्या मजकुराच्या चौकटीत ते येत नाही. एचटीएमएलमध्ये क्रमांकानेही लिहिता येते: अँपरसँड (&), हॅश (#), १२९६८४ आणि अर्धविराम असे लिहिले की पणती उमटते. मात्र तो आकडा रोमन अंकांतच टंकावा लागतो, देवनागरी अंक ब्राउझर ओळखत नाही.

सभासदांना एसएमएस पाठवणाऱ्यांसाठी एक हिशेब: रोमन संदेशाला १६० अक्षरांची मर्यादा असते आणि त्यात एक इमोजी घातले की ती ७० वर येते. मराठी संदेश मुळातच ७० वर असतो, म्हणून इमोजीमुळे मर्यादा आणखी घटत नाही, मात्र जोडलेले हात त्यातली दोन अक्षरे खातात.

दोष परत आला की लगेच कळावे म्हणून

आमच्या संकेतस्थळावर आता एक चाचणीचे पान आहे, जे कोणत्याही यादीत दिसत नाही. त्यावर डेटाबेसातून येणारी एकच नोंद आहे: जोडलेले हात, पणती, लाल हृदय, चौघांचे कुटुंब, तिरंगा, आणि ‘दऱ्या’ हा शब्द दोन्ही रीतींनी टंकलेला. ही नोंद मी अभिप्रायाच्या त्याच चौकटीतून भरली आहे, थेट डेटाबेसात नव्हे, म्हणजे वाचकाचा मजकूर ज्या वाटेने जातो तीच वाट तपासली जाते. होस्टिंग बदलले, बॅकअप परत चढवला, नवे प्लगइन बसवले किंवा डेटाबेसची आवृत्ती वाढवली की मी आधी ते पान उघडते, मग तीच ओळ चौकटीतून नव्याने भरून जुन्या ओळीशी ताडून पाहते. जुनी नीट आणि नवी बिघडलेली असेल तर दोष कनेक्शनमध्ये किंवा साफसफाईच्या प्रोग्राममध्ये असतो. जुनी बिघडलेली आणि नवी नीट असेल तर बॅकअप पुन्हा काढावा लागतो, आणि तोपर्यंत जुन्या सर्व्हरचे भाडे भरत राहावे लागते.